बुरशी औषधाला दाद का देत नाही? गजकर्णाच्या ट्यूबपासून द्राक्षाच्या फवारणीपर्यंत

पावसाळा लागला की खानापूरपासून निपाणीपर्यंत कपडे धड वाळत नाहीत, जांघेत आणि काखेत ओल राहते आणि घरोघरी गजकर्णाची तक्रार सुरू होते. यात नवे काही नाही. नवे आहे ते असे की, पंधरा-वीस वर्षांपूर्वी दोन-चार आठवड्यांच्या औषधाने जाणारा हा आजार आता महिनोन्महिने ठाण मांडतो, थोडा दबतो आणि गोळ्या थांबल्या की पुन्हा उमटतो. देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ गेले दशकभर हेच सांगत आहेत. दरम्यान २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर ‘काळ्या बुरशी’ने, म्हणजे म्युकरमायकोसिसने, देशात ४५ हजारांहून अधिक लोकांना गाठले. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची पहिली यादी जाहीर केली आणि जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या संस्थांनी एक संयुक्त अहवाल काढून सांगितले की, शेतात वापरल्या जाणाऱ्या काही बुरशीनाशकांमुळे रुग्णालयातली औषधे निकामी होत आहेत.

कातडीवरचा नायटा, नाकातून डोळ्यापर्यंत पोहोचणारी काळी बुरशी आणि द्राक्षबागेतली फवारणी या वरवर पाहता तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना जोडणारा प्रश्न एकच: बुरशीला मारणारे औषध बुरशी पचवते कशी? याचे उत्तर एक नाही, निदान चार आहेत, आणि उपाय काय करायचा हे त्यांपैकी कोणते उत्तर लागू पडते यावर ठरते. ‘औषध लागत नाही’ एवढे म्हणून थांबल्यास रुग्ण, डॉक्टर आणि शेतकरी तिघांचाही पैसा वाया जातो.

बुरशीवर औषधे इतकी कमी का?

बुरशी ही वनस्पती नव्हे. जीवसृष्टीच्या वंशावळीत ती झाडांपेक्षा प्राण्यांच्या, म्हणजे आपल्या, अधिक जवळ आहे. जीवाणूची पेशी आपल्या पेशीपेक्षा खूप वेगळी असल्यामुळे जीवाणूला मारणारे आणि माणसाला फारसे न बाधणारे असे कितीतरी प्रतिजैविकांचे वर्ग सापडले. बुरशीच्या बाबतीत ही मुभा नाही. तिच्या पेशीत जे जे चालते, त्यातले बरेचसे आपल्याही पेशीत चालते. त्यामुळे तिच्यावर टाकलेला घाव आपल्यावरही बसण्याची भीती असते.

फरकाच्या जागा मोजक्या आहेत. पहिली म्हणजे पेशीभोवतीचे पातळ आवरण. आपल्या आवरणात कोलेस्टेरॉल असते, तर बुरशीच्या आवरणात त्याचा चुलतभाऊ शोभेल असा एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. दुसरी जागा म्हणजे त्या आवरणाबाहेरची कडक भिंत, जी आपल्या पेशीला नसतेच. शरीराच्या आत पसरलेल्या बुरशीवर डॉक्टरांच्या हाती असलेली बहुतेक औषधे या दोन जागांवरच काम करतात. त्यांचे मुख्य वर्ग एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. म्हणूनच त्यातला एक वर्ग निकामी झाला, तर पर्याय म्हणून पुढे करायला फारसे काही उरत नाही.

औषध नेमके करते काय?

हे समजण्यासाठी आपल्या भागातले गुऱ्हाळ डोळ्यांसमोर आणावे. ऊस चरख्यात जातो, रस काहिलीत उकळतो, मळी निघते, गुळव्या पाक ओळखतो आणि तयार गूळ वाफ्यात ओतला जातो. या साखळीतला एक माणूस जरी अडला, तरी शेवटी गूळ मिळत नाही. बुरशीच्या पेशीत एर्गोस्टेरॉल असाच टप्प्याटप्प्याने तयार होतो आणि प्रत्येक टप्प्यावर एकेक एन्झाइम, म्हणजे रासायनिक काम उरकणारे प्रथिन, राबत असते.

गजकर्णावर दिले जाणारे टर्बिनाफिन ही साखळी अगदी सुरुवातीला, चरख्यापाशीच तोडते. इट्राकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल ही नावे ज्यांची आहेत तो ॲझोल वर्ग त्यापुढच्या एका टप्प्यावर, म्हणजे काहिलीपाशी उभ्या असलेल्या गुळव्याचा हात धरतो. त्या एन्झाइमच्या गाभ्यात लोहाचा एक अणू असतो. ॲझोलचा रेणू त्याला जाऊन चिकटतो आणि पुढचे काम थांबते. एर्गोस्टेरॉल तर बनत नाहीच, शिवाय अर्धवट तयार झालेले घातक पदार्थ आवरणात घुसतात, म्हणजे गूळ मिळत नाही आणि काहिलीतला पाकही करपतो. बुरशीची वाढ खुंटते.

ॲम्फोटेरिसिन बी हे जुने औषध साखळीकडे पाहतच नाही. ते तयार गुळाच्या ढेपांवर हात टाकते, म्हणजे आवरणात बसलेला एर्गोस्टेरॉल ओढून काढते आणि आवरणाला भोके पाडते. १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या एका जीवाणूपासून ते मिळाले. सत्तर वर्षे उलटली, तरी जीवघेण्या बुरशीसमोर डॉक्टर त्याचाच आधार घेतात. ते आपल्या कोलेस्टेरॉललाही थोडे चिकटते, म्हणून मूत्रपिंडाला त्रास देते. चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत बांधलेला त्याचा सुधारित प्रकार कमी त्रासदायक, पण महाग आहे. २०२१ च्या मे महिन्यात याच इंजेक्शनासाठी काळ्या बुरशीच्या रुग्णांचे नातेवाईक बेळगाव, मिरज, कोल्हापूर, हुबळी अशी धावाधाव करत होते.

चौथा वर्ग एकायनोकँडिनांचा. कॅस्पोफंगिन हे त्यातले ओळखीचे नाव. ही औषधे गुऱ्हाळात शिरत नाहीत, बाहेरची भिंतच बांधू देत नाहीत.

बुरशी यातून सुटते कशी?

पहिला मार्ग जन्मजात आहे. काही बुरशींच्या एन्झाइमची घडणच अशी असते की औषधाचा हात त्यावर बसत नाही. काळ्या बुरशीच्या कुळातल्या, म्हणजे म्युकरच्या नातलग बुरशींवर व्होरिकोनॅझोल चालत नाही ते यामुळेच. त्यांच्या एन्झाइममधली एक महत्त्वाची जागा मुळातच वेगळी आहे. रुग्णाने आधी कधी ते औषध घेतलेले नसले, तरी फरक पडत नाही. ॲस्परजिलस टेरियस नावाची बुरशी अशीच ॲम्फोटेरिसिनला जुमानत नाही.

या जन्मजात प्रकाराचा आपल्या भागाशी संबंध येतो तो उसाच्या फडात. तोडणीच्या हंगामात उसाच्या पात्याची धार डोळ्याच्या बुबुळाला लागते, पात्यावरची किंवा मातीतली फ्युझेरियम बुरशी त्या जखमेत शिरते आणि आठवडाभरात डोळ्यात पांढरे फूल दिसू लागते. ही बुरशी बहुतेक ॲझोलांना फारशी दाद देत नाही. तमिळनाडूतल्या मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या सहभागाने झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत नवे व्होरिकोनॅझोल आणि जुने नाटामायसिन यांचे थेंब समोरासमोर ठेवले गेले. त्यात जुने औषध सरस ठरले, आणि फ्युझेरियमच्या रुग्णांत तर फरक ठळक होता. महाग म्हणजे चांगले, नवे म्हणजे प्रभावी, हा हिशेब इथे चालला नाही. आणि लालसर डोळ्यासाठी दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब अशा जखमेत घातले, तर बुरशीला रान मोकळे मिळते; डोळा जातो तो बहुतेकदा या उशिरामुळे.

दुसरा मार्ग बदलातून मिळालेला, आणि शास्त्रीय भाषेत त्याला प्रतिरोध म्हणतात. बुरशीच्या लाखो बीजकणांपैकी एखाद्याच्या जनुकात अक्षरचूक होते, गुळव्याच्या हाताची ठेवण बदलते आणि औषधाची पकड सुटते. औषधाच्या माऱ्यात बाकीचे मरतात, हा एक उरतो आणि त्याचीच प्रजा वाढते. भारतातल्या हट्टी गजकर्णामागे मुख्यतः हेच आहे. ट्रायकोफायटन इंडोटिनी असे २०२० मध्ये नामकरण झालेली बुरशी अनेकदा टर्बिनाफिनला दाद देत नाही, कारण त्या औषधाचे लक्ष्य असलेल्या एन्झाइममधील ३९३ किंवा ३९७ क्रमांकाच्या जागी एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या माळेतला एक मणी, बदललेले असते. एका जागेचा हा बदल गोळी निरुपयोगी करायला पुरतो. २०२३ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये तिचे पहिले रुग्ण नोंदले गेले. आपल्याकडे घरगुती समजला गेलेला आजार आता परदेशी डॉक्टरांच्याही चिंतेचा झाला आहे.

याच मार्गाचा दुसरा प्रकार म्हणजे माणसे वाढवणे. जनुकापुढे एक नियंत्रक भाग असतो, जो ते जनुक किती जोराने चालवायचे हे ठरवतो. फुफ्फुसाचा आजार करणाऱ्या ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीच्या काही वाणांत, म्हणजे उपप्रकारांत, या भागातला ३४ अक्षरांचा तुकडा दोनदा लिहिला गेला आहे. परिणाम असा की, एका गुळव्याच्या जागी कित्येक गुळवे उभे राहतात; औषध एकाचा हात धरते, तोवर बाकीचे काम उरकतात. त्याच वाणात एन्झाइमच्या ९८ व्या जागीही बदल असतो, म्हणजे गुळवे जास्त आणि त्यांचे हातही निसटते. ही जोडी लक्षात ठेवावी, कारण पुढे शेतीच्या संदर्भात तीच पुन्हा येणार आहे.

तिसरा मार्ग औषध बाहेर फेकण्याचा. पेशीच्या आवरणात पंपासारखी प्रथिने असतात. ती खरे तर मातीतल्या इतर जीवांनी सोडलेली विषे बाहेर टाकण्यासाठी असतात, पण औषधही त्यांना विषच वाटते. पंप वाढले की आत शिरलेले औषध काहिलीपर्यंत पोहोचण्याआधीच दाराबाहेर जाते.

रिपोर्टमध्ये औषध लागू, रुग्णाला मात्र गुण नाही

चौथा मार्ग सर्वांत कमी ओळखीचा आहे आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. त्याला सहनशीलता म्हणतात. प्रतिरोधात बुरशी औषधाच्या उपस्थितीत जोमाने वाढते. सहनशीलतेत ती तशी वाढत नाही, पण मरतही नाही. चुलवाणातला जाळ कमी करून, काहील मंद ठेवून ती दिवस काढते.

प्रयोगशाळेत चाचणी कशी होते ते पाहिले तर यातली अडचण कळते. औषधाच्या वाढत्या मात्रांत बुरशी ठेवतात आणि साधारण दोन दिवसांनी कोणत्या मात्रेला वाढ थांबली ते नोंदवतात. मंदपणे जगणारा छोटा गट या वेळेत नजरेस येत नाही. त्यामुळे अहवालात ‘औषध लागू’ असे छापून येते आणि औषध बंद केल्यावर तोच गट पुन्हा वाढू लागतो. हा गट जनुकाने वेगळा नसतो. एकाच वाणाच्या काही पेशी तसे वागतात आणि काही नाही.

हे जमते कसे? पेशीवर संकट आले की तिच्यातली काही प्रथिने इतर प्रथिनांना सावरून धरतात. त्यांतले एक, एचएसपी ९०, आणि कॅल्सिन्युरिन नावाचा इशारा देणारा एन्झाइम हे दोघे मिळून पेशीला तग धरण्याच्या कामाला लावतात. भिंत बांधू न देणाऱ्या कॅस्पोफंगिनच्या बाबतीत तर विचित्र प्रकार दिसतो: ठरावीक मात्रेला बुरशीची वाढ दबते, पण मात्रा बरीच वाढवली की काही वाणांत ती पुन्हा वाढू लागते. एक माल मिळेनासा झाला की बुरशी कायटिन नावाच्या दुसऱ्या पदार्थाने भिंत लिंपून घेते, हे त्यामागचे एक कारण. शिवाय सुप्त बीजकणांचे वाढीचे काम चालूच नसते; काम अडवणारे औषध तिथे अडवणार काय?

याहूनही चकवणारे उदाहरण २०१४ मध्ये म्युकरच्या एका जातीत सापडले. प्रत्यारोपणाच्या रुग्णांना दिले जाणारे टॅक्रोलिमस हे औषध बुरशीलाही मारक असते. या बुरशीने जनुकात एकही अक्षर न बदलता, त्या औषधाला ज्याची साथ लागते ते प्रथिन बनवणारे जनुक तात्पुरते गप्प केले. औषध असेपर्यंत ती तगून राहिली, आणि औषध काढल्यावर काही पिढ्यांनी जनुक पुन्हा बोलू लागले व ती पूर्वीसारखी संवेदनशील झाली. जनुकातला बदल शोधणाऱ्या चाचणीला असे काही सापडणे शक्य नाही.

मग डोस वाढवून का भागत नाही?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मार्गानुसार बदलते. हाताची ठेवणच बदलली असेल, तर दुप्पट मात्राही बहुतेक वेळा व्यर्थ जाते, कारण माणसाला सोसेल त्या मात्रेच्या कितीतरी पलीकडे ती बुरशी गेलेली असते. व्होरिकोनॅझोल रक्तात थोडे जास्त झाले की भास, दृष्टीचे त्रास, यकृताचा त्रास सुरू होतो. म्हणून मोठ्या रुग्णालयांत रक्तातले प्रमाण मोजून ते दिले जाते.

पण कित्येकदा बुरशी निर्दोष असते आणि औषधच तिच्यापर्यंत पोहोचलेले नसते. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायच्या असतात. उपाशी पोटी किंवा ॲसिडिटीच्या गोळीबरोबर घेतल्या तर त्यांचे शोषण घटते. आपल्या भागात क्षयरोगाचे रुग्ण पुष्कळ, आणि क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन यकृताला असे कामाला लावते की व्होरिकोनॅझोल, इट्राकोनॅझोल शरीरातून झपाट्याने नाहीसे होतात. म्हणून ती एकत्र देणे टाळतात. आणि क्षयरोग बरा झाल्यावर फुफ्फुसात जी पोकळी उरते, तिच्यात ॲस्परजिलसचा गोळा वाढू शकतो. त्या गोळ्याच्या आत रक्तपुरवठाच नसल्याने औषध अपुऱ्या मात्रेत, महिनोन्महिने, लक्षावधी बीजकणांच्या सान्निध्यात राहते. प्रतिरोधी वाण निवडून काढण्यासाठी यापेक्षा सोयीची जागा कल्पिणे कठीण. अशा रुग्णाने सहा महिन्यांचे औषध तिसऱ्या महिन्यात सोडले, तर त्याला केवळ आळशी म्हणून भागत नाही. औषधाची किंमत आणि दूरच्या गावाहून दर महिन्याचे हेलपाटे हेही त्याचे कारण असते.

मलमाने तर दोन दिवसांत आराम पडतो

पडतो, आणि अडचण तीच आहे. मेडिकलमध्ये मागितल्याबरोबर मिळणाऱ्या अनेक ट्यूबमध्ये बुरशीचे औषध, प्रतिजैविक आणि जोरदार स्टेरॉइड असे एकत्र कालवलेले असते. स्टेरॉइडमुळे खाज आणि लाली थांबते, कारण ती खाज म्हणजे शरीराने बुरशीविरुद्ध दिलेला लढाच असतो. लढा थांबला, बुरशी राहिली. चट्टा फिका होतो, कडा पसरतात, निदान अवघड होते, आणि घरातल्या दोघा-तिघांना लागण होईपर्यंत कोणी डॉक्टरकडे जात नाही. स्टेरॉइड स्वतः बुरशीच्या जनुकात बदल घडवत नाही. पण अर्धवट औषधाखाली मोठ्या संख्येने, दीर्घकाळ जगण्याची सोय ते बुरशीला करून देते, आणि प्रतिरोधाला नेमके एवढेच लागते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली आणि त्याच वर्षी ३२८ ठरावीक औषध-मिश्रणांवर बंदी आणली, त्यांत अशी काही मलमेही होती. दुकानाच्या फळीवर त्याचा परिणाम किती झाला, हे वाचकाने आपल्या गल्लीत जाऊन पाहावे.

कधीच औषध न घेतलेल्या माणसाला प्रतिरोधी बुरशी कशी?

इथे गोष्ट रुग्णालयातून शेतात जाते. ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही मुळात मातीत आणि कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात राहणारी बुरशी आहे. तिचे बीजकण दोन-तीन मायक्रॉनचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे. आपण सगळेच रोज शेकड्याने ते श्वासातून घेतो आणि निरोगी फुफ्फुस त्यांचा निकाल लावते. रक्ताचा कर्करोग, मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण, दीर्घकाळ स्टेरॉइड, जुनी क्षयाची पोकळी असलेल्यांना मात्र तिच्यापासून आजार होतो.

नेदरलँड्समधल्या डॉक्टरांना नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून अशा रुग्णांत ॲझोलला न जुमानणारे वाण सापडू लागले. चकित करणारी बाब अशी की, त्यातल्या पुष्कळांनी आयुष्यात कधी ॲझोलची गोळी घेतलेली नव्हती, आणि तरी बहुतेकांत बदल एकच होता: वर सांगितलेली ३४ अक्षरांची पुनरुक्ती आणि ९८ व्या जागेचा बदल. प्रत्येक रुग्णाच्या शरीरात स्वतंत्रपणे नेमके तेच घडणे जवळपास अशक्य आहे. म्हणजे बुरशी आधीच तयार होऊन आली होती.

ती तयार झाली शेतात. पिकांवरचे टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल हीदेखील ॲझोलच आहेत आणि तीही त्याच गुळव्याचा तोच हात धरतात. अथणी आणि विजापूरकडच्या द्राक्षबागांत भुरीवर, निपाणी-चिकोडी पट्ट्यात सोयाबीनच्या तांबेऱ्यावर, खानापूरकडे भाताच्या पर्णकोष करप्यावर ती मारली जातात. फवारणीचा रोख भुरीवर किंवा तांबेऱ्यावर असतो. ॲस्परजिलस बिचारी बाजूला मातीत आणि पाचटात असते. पण औषध तिच्यावरही पडते, आणि तिथेही तोच निवडीचा खेळ होतो.

भारतात याचा पुरावा लवकरच मिळाला. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील डॉ. अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मातीच्या आणि इतर नमुन्यांतून मिळालेल्या ६३० वाणांपैकी ४४, म्हणजे सुमारे ७ टक्के, प्रतिरोधी निघाले, आणि त्यांत बदलांची तीच जोडी होती. हे भारतीय वाण एकमेकांशी जनुकीयदृष्ट्या सारखे होते. एकाच वाणाची प्रजा दूरवर पसरली असावी असे ते सुचवते, आणि बीजकण वाऱ्यावर जातात हे पाहता त्यात नवल नाही. पुढे २०२२ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधील वाणांचे संपूर्ण जनुकवाचन झाले, तेव्हा काही रुग्णांच्या फुफ्फुसातली बुरशी आणि बाहेरच्या मातीतली बुरशी जवळपास एकच निघाली.

रुग्णाच्या दृष्टीने याची किंमत मोठी आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात, फुफ्फुसात पसरलेल्या या आजाराच्या ज्या रुग्णांची बुरशी व्होरिकोनॅझोलला दाद देत होती त्यांपैकी २८ टक्के सहा आठवड्यांत दगावले, आणि ज्यांची बुरशी प्रतिरोधी होती त्यांपैकी ४९ टक्के.

मग शेतकऱ्याने फवारणी थांबवायची का?

नाही, आणि असे सांगणाऱ्याने तांबेऱ्याने पिवळे पडलेले सोयाबीन आधी पाहावे. शेतकरी शिफारस झालेले औषध मारतो आणि त्याच्या बांधावर काही वाईट घडताना दिसत नाही; दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. युरोपीय अहवालानुसार तिकडे २०१० ते २०२१ या काळात सुमारे एक लाख वीस हजार टन ॲझोल विकले गेले आणि त्यातले जवळपास सगळे शेतीत गेले. त्यांनाही ते एका दिवसात बंद करता आलेले नाही.

करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे, आणि त्यातले बरेच शेतकऱ्याच्या स्वतःच्या फायद्याचे आहे, कारण भुरीसुद्धा याच मार्गांनी ॲझोलला निर्ढावते. डब्यावरचे रासायनिक नाव वाचावे. व्यापारी नावे दहा असली, तरी आतला घटक ‘कोनॅझोल’ने संपत असेल तर तो बहुधा याच गटाचा असतो, आणि एक डबा बदलून दुसरा आणल्याने गट बदलत नाही. लागोपाठच्या फवारण्यांत वेगळ्या गटाचे औषध घ्यावे. रोग नसताना ‘सोबत टाकून द्या’ म्हणून मिसळलेली मात्रा टाळावी. वाणाची निवड तर फवारणीच वाचवते: धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने काढलेले डीएसबी २१ हे सोयाबीनचे वाण तांबेऱ्याला दाद देत नाही.

उकिरडा आणि कंपोस्टच्या ढिगाकडेही लक्ष हवे. ही बुरशी उष्णता सोसणारी आहे. ५० अंशांच्या आसपास तापलेल्या ढिगात इतर बुरशी मागे पडतात, ही फोफावते. औषध मारलेल्या पिकाचा पाला त्यात गेला, तर औषधाचा अंश आणि बुरशीची दाट वस्ती एकत्र येतात. डच संशोधकांना फुलांच्या कंदांच्या कचऱ्याचे ढीग प्रतिरोधी वाणांची मोठी आगरे असल्याचे आढळले. ढीग उलटताना बीजकणांचा लोट उठतो, म्हणून दमा किंवा जुना क्षय असलेल्याने, आणि प्रत्यारोपण झालेल्याने तर नक्कीच, ते काम दुसऱ्यावर सोपवावे. करणाऱ्याने तोंडाला मास्क बांधावा.

नवी औषधे येतील की!

येत आहेत. ओलोरोफिम नावाचे औषध गुऱ्हाळाच्या साखळीला हातच लावत नाही. बुरशीला जनुके लिहायला लागणारा कच्चा माल ते तोडते, त्यामुळे ॲझोलला न जुमानणाऱ्या ॲस्परजिलसवरही चालते. फॉसमॅनोजेपिक्स हे आणखी एक, वेगळ्याच जागी मारा करणारे. दोन्हींच्या रुग्णांवरील चाचण्यांकडे डॉक्टर आशेने पाहत आहेत.

पण ही औषधे रुग्णांपर्यंत पोहोचण्याआधीच त्याच जागांवर मारा करणारी शेतीची बुरशीनाशके तयार झाली आहेत: ओलोरोफिमच्या लक्ष्यावर इप्फ्लुफेनोक्विन आणि फॉसमॅनोजेपिक्सच्या लक्ष्यावर अमिनोपायरिफेन. इप्फ्लुफेनोक्विनच्या संपर्कात प्रतिरोधी झालेली ॲस्परजिलस ओलोरोफिमलाही दाद देत नाही, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२३ मध्ये शेतीतल्या अशा औषधांमुळे माणसांची औषधे किती धोक्यात येतात हे नोंदणीपूर्वी तपासण्याच्या चौकटीचा मसुदा पुढे ठेवला. आपल्याकडे पिकांच्या औषधांची नोंदणी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली कृषी मंत्रालयाच्या अखत्यारीत होते आणि माणसांच्या औषधांना परवानगी आरोग्य मंत्रालयाखालची औषध नियंत्रक यंत्रणा देते. नव्या बुरशीनाशकाचा अर्ज पहिल्या कार्यालयात आला की त्याच लक्ष्याचे औषध दुसऱ्या कार्यालयाच्या वाटेवर आहे का, हे विचारायला एका पत्राचा खर्च आहे, आणि ते पत्र डबा बाजारात येण्यापूर्वी गेले तरच त्याचा उपयोग आहे.